रंगनाथचा उजवा हात

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतो. ऐकून माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून संगमनेरच्या बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालत. मागे भट्टी, तिचा गॅस इंजिनात. नळी कुठे फुटली की गॅस गाडीत साठायचा — मग एक विडी पुरे. गाड्या दुरुस्त करणारा रंगनाथ मिस्त्री, त्याचा भाऊ चंदनापुरीच्या घाटात असाच पेटला. सदरा काढायला गेलो तर कातडी सोबत आली. रंगनाथ आणि मी, दोघंही तिथे होतो.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. गॅस आधीच ओळखेल असं काही करायचं, म्हणून आम्ही दोघं आपापल्या परीने झटत होतो. माझी चौदा महिन्यांची वही फसलेल्या प्रयोगांनी भरली; रंगनाथला ती मी दाखवायचो. रंगनाथने काय केलं? आग बाहेर जाऊ न देणाऱ्या बारीक जाळीत एक छोटी ज्योत ठेवली आणि वर पितळ-लोखंडाची जोडपट्टी. गॅस आला की ज्योत वाढे, पट्टी वाके, घंटी वाजे. अहो, तीच पट्टी मी दरवर्षी वर्गात तापवून वाकवून दाखवत होतो! घंटी वाजली तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. खरं तर त्याचा गळा दाबावासा वाटत होता.

त्याने पेटंटचा अर्ज केला. पुण्याच्या एका कंपनीने हरकत घेतली — यात नवं काय, हे कुणालाही सुचेल. विज्ञानशिक्षक म्हणून माझं प्रतिज्ञापत्र मागितलं. मी लिहून दिलं, सहज सुचण्यासारखं आहे. कुणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. घरी येऊन वही चुलीत घातली. चौदा महिने जे मला सुचलं नाही, ते सहज कसं?

अर्ज फेटाळला गेला. कंपनीने तीच घंटी आपल्या गाड्यांना लावली.

बाजारच्या दिवशी रंगनाथने भर पेठेत माझी गचांडी धरली. "मास्तर, त्या वहीत तुमी किती येळा फसला, त्ये सांगा की लोकास्नी," एवढंच म्हणाला. मास्तरांच्या अंगाला हात लावतो म्हणून लोक तुटून पडले. काठ्या, जोडे, हाताला लागेल ते. तो पडला, तोंडातून रक्त आलं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. नुसता गप्प उभा राहिलो असतो — तरी चाललं असतं.

त्याचा उजवा हात माझ्या पायाशी पसरला होता. मी त्यावर टाच दिली. पायात बूट होते, अंगाचा सगळा भार दिला — दोनदा. हाडं मोडलेली बुटातून कळली. त्या गर्दीत कुणाचा पाय कुणाला दिसणार? मग मीच ओरडून सगळ्यांना मागे सारलं आणि त्याला दवाखान्यात नेलं.

ती बोटं पुन्हा मिटली नाहीत. पाना धरता येईना, म्हणून तो स्टँडवर गाड्यांना पाणी घालू लागला. प्रतिज्ञापत्राचं त्याने कधीच सोडून दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "मास्तर आडवे आले म्हनून जगलो म्या." मी दिसलो की बादली खाली ठेवून डाव्या हाताने नमस्कार करायचा.

तो मरेपर्यंत मी तो नमस्कार घेतला.