बबन कोण?

मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते, तेव्हाची गोष्ट. माणसाच्या एका जीनवर माझं काम होतं. त्या जीनचं नाव बब-वन. संध्याकाळी चिखलोलीच्या घरी आले की मैत्रिणीशी फोनवर तेच चालायचं. "आज बब-वनने फार त्रास दिला." "बब-वन बंद पडला की सगळं बिघडतं गं."

आई स्वयंपाकघरातून ऐकायची, पण विचारायची नाही. ती मुळातच कमी बोलणारी. कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात तिची उमर गेली, पण तिचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

विचारलं ते आत्याने. ती बदलापूर गावात राहते. चहाला आली होती. कप खाली ठेवून सरळ म्हणाली, "हा बबन आहे तरी कोण? आणि एवढा त्रास देतो तर त्याचा नाद सोड ना."

मला हसू आवरेना. "आत्या, तो माणूस नाही. जीन आहे."

"जिन? बाटलीतला?" आत्या आईकडे वळली. "वहिनी, पोरगी हातची गेली."

मी समजवायला लागले आणि अडकले. पेशीचं विभाजन, प्रथिनं, कायनेज... प्रत्येक वाक्य इंग्रजीत जाऊन पडायचं. आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "रविवारी वंदनेनंतर विहारात आमच्या महिला मंडळाला सांग. पण मला कळेल असं सांग."

शनिवारी मी उल्हासनगरच्या बाजारात गेले आणि ढीगभर स्वस्त ओढण्या घेतल्या. सिंधी दुकानदाराने विचारलं, "शादी है क्या?" मी म्हटलं, "नहीं, सेल का डिव्हिजन है." सेल म्हटल्यावर त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने भाव आणखी कमी केला.

रविवारी अंबरनाथच्या विहारात वंदना झाली. मी सभागृहाच्या दोन टोकांच्या खांबांना ओढण्या बांधल्या आणि बायकांना दोघी-दोघी हातात हात घालून मधे उभं केलं.

"हे सभागृह म्हणजे एक पेशी," मी म्हटलं. "तुमची प्रत्येक जोडी म्हणजे एक गुणसूत्र आणि त्याची नक्कल. आता एका पेशीच्या दोन पेशी व्हायच्या आहेत. जोडीतल्या एकीने या खांबाची ओढणी धरायची, दुसरीने त्या खांबाची. मग हात सोडून आपापल्या खांबाकडे जायचं. म्हणजे दोन्हीकडे सारखा वाटा."

"मग बबन काय करतो?" आत्याने विचारलं.

"तो एक प्रथिन बनवतो. त्याला कायनेज म्हणतात. ते दुसऱ्या प्रथिनांवर खुणा चिकटवत राहतं. खुणेचा अर्थ एवढाच, की थांबा. शेवटच्या बाईच्या हातात ओढणी येईपर्यंत कोणालाही हलू द्यायचं नाही."

सगळ्यांच्या जोड्या झाल्या होत्या, आई तेवढी एकटी उरली होती. तिलाच मी बबन केलं. ती पुटपुटली, "मला नाही जमायचं."

खेळ सुरू झाला. ओढण्यांसाठी गडबड उडाली. दोघी-तिघींना ओढणी मिळाली नसतानाच पुढच्या बायका निघाल्या आणि अचानक सभागृहात आवाज घुमला, "थांबा! थांबा म्हणते ना!"

ती माझी आई होती. दोन्ही हात पसरून उभी. सगळ्या जागच्या जागी थिजल्या. शेवटच्या बाईला ओढणी मिळेपर्यंत आई ओरडत राहिली. मग ती गप्प झाली आणि बायका खिदळत दोन्हीकडे धावल्या. दोन्ही खांबांपाशी सारख्याच बायका! टाळ्यांचा कडकडाट झाला.

"आता बबन बिघडलाय असं समजा," मी म्हटलं. "आई, या वेळी गप्प राहा."

या वेळी नुसता गोंधळ झाला. एका खांबाशी गर्दी, दुसरीकडे मोजक्याच, आणि एक जोडी मधेच अडकलेली. हसता हसता आत्या थांबली.

"कॅन्सरमध्ये असंच होतं का गं?" तिने विचारलं. तिला स्तनाचा कॅन्सर झाला होता. उपचार होऊन आता ती ठणठणीत होती.

"बऱ्याच कॅन्सरमध्ये वाटणी अशी बिघडते," मी म्हटलं. "तुझ्यात नेमकं काय बिघडलं, ते मला नाही सांगता येणार. हाच जीन असेल असंही नाही."

"लोक म्हणाले, मालक गेल्यावर मनाला लावून घेतलं, म्हणून झालं."

"नाही आत्या. रडल्याने कॅन्सर होत नाही."

आईने जाऊन तिचा हात धरला. मग आत्याने पदराने तोंड पुसलं, पदर खोचला आणि म्हणाली, "वहिनी, सरका. आता बबन मी. बघू कोण हलतंय ते!"

त्यानंतर किती वेळा खेळलो कोण जाणे. सगळ्यांनाच बबन व्हायचं होतं. बाहेर चपला घालताना खरवईच्या एका ताईंनी त्यांच्या विहारात यायचं आमंत्रण दिलं आणि मी तोंड उघडायच्या आत आईनेच बसलेल्या आवाजात सांगून टाकलं, "येतो की. कधी येऊ?"