डॉक्टरांच्या जीपचे आठ दिवस

गॅरेजात काम करणाऱ्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. हात पुसलेल्या चिंध्या कोपऱ्यात साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. लोणावळ्यात दामूअण्णा मिस्त्रींच्या हाताखाली मी फिटर होतो, तेव्हाचे निम्मे किस्से तर एकाच गाडीचे आहेत. ती आमच्या डॉक्टरांची जीप.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली ही. दोन वर्षं डॉक्टरांनी ती पवन मावळात पिटाळली आणि गॅरेजात आणली ती बैलजोडी लावून.

"ऑइल शेवटचं कधी बदललं?" दामूअण्णांनी विचारलं.

"बदलायचं असतं? मी कमी झालं की वरून भरत होतो."

"पेशंटचंही असंच करता का?"

डॉक्टर हसले नाहीत. मागच्या श्रावणात तिकोणा पेठेतून एका बाळंतिणीसाठी बोलावणं आलं होतं. जीप वाटेत बसली, आणि ते चालत पोचेपर्यंत बाई गेली होती. "आठ दिवसांत गाडी धड झाली नाही तर माझी तिकडची फेरी बंद," ते म्हणाले. "लोकांना वाट बघायला लावायची आणि पोचायचं नाही, हे आता मला झेपत नाही." दामूअण्णांनी विडी विझवली आणि ते गाडीखाली शिरले.

* * *

खालून पहिला प्रश्न आला, "ही लाली कसली?"

ग्रीस भरायची जी बारीक तोंडं असतात, ती सगळी लाल होती. चौकशी केली तेव्हा डॉक्टरांचे कंपाउंडर सखारामपंत अभिमानाने म्हणाले, "दोन दसरे झाले. मी स्वतः आडवा होऊन हळदकुंकू वाहिलंय, एकही ठिकाण चुकवलं नाही." खरोखरच चुकवलं नव्हतं. कुंकू आणि तेल यांचा असा काही दगड झाला होता की दोन वर्षांत आत ग्रीसचा कण गेला नव्हता.

शेवटी डॉक्टरांनी इंजेक्शनच्या जुन्या सुया दिल्या. एक अख्खा दिवस मी एकेक तोंड टोकरत बसलो होतो. सखारामपंत शेजारी उभे राहून सांगत होते, "जरा बेताने, पूजेचं आहे."

* * *

तिसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, तर पाण्याच्या रबरी पायपाला बँडेज! आणि ते काय सुंदर बांधलं होतं. सात पदर, कुठे सुरकुती नाही, शेवटी चिकटपट्टी. त्यातून पाणी मात्र गळत होतं.

दामूअण्णांनी त्याला हात लावायला साफ नकार दिला. "ज्यांनी बांधलं त्यांनीच सोडावं. उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको." डॉक्टर दवाखाना सोडून आले, कात्रीने बँडेज कापलं आणि पाइप निरखून गंभीरपणे म्हणाले, "हा बदलावाच लागेल." दामूअण्णा म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो, पण तुमच्या तोंडून आलेलं बरं."

* * *

खरी लढत झाली ती पुढच्या चाकांच्या दांड्याशी. जीपची चारही चाकं ओढायला लागतात ती त्या दांड्याने, आणि तो जागचा हलेना.

"हा तुम्ही कधी वापरला?" मी डॉक्टरांना विचारलं.

"कधीच नाही. गाडी विकणारा शिपाई म्हणाला होता, हा लढाईत लागतो."

लढाई संपली होती, म्हणून दोन वर्षं हा माणूस पवन मावळातला चिखल दोन चाकांवर तुडवत होता. मला हसू आलं आणि थोडी कीवही वाटली. दांड्यावर दोन दिवस रॉकेल सोडलं. सातव्या दिवशी मी, दामूअण्णा आणि सखारामपंत असे तिघे एकदम त्याला लोंबकळलो तेव्हा तो खट्‌कन पुढे गेला. वलवणच्या चढावर, ओल्या गवतातून, गाडी चारही चाकांनी तरातरा वर गेली. दामूअण्णांनी अख्ख्या गल्लीला चिक्की वाटली. मुलगा झाला तेव्हाही वाटली नव्हती.

* * *

आठव्या दिवशी सकाळी तिकोणा पेठेचा एक माणूस दवाखान्यात हजर. "आमच्या आबांची सून अडलीय. चला."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. गाडीवर नजर ठेवायला मी सोबत निघालो, निरोप्या मागे बसला. कामशेत मागे पडलं आणि चिखल सुरू झाला. डॉक्टरांनी दांडा टाकला, आणि गाडी कुठे अडलीच नाही. पवना नदीच्या उतारातून तर पाणी कापत अशी निघाली की मला ओरडावंसं वाटलं. निरोप्या मात्र सारखा म्हणत होता, "दमानं घ्या, डॉक्टर. एवढी घाई न्हाई." घाबरला असेल, असं आम्हाला वाटलं.

दुपारच्या आत जीप आबांच्या दारात उभी राहिली. डॉक्टर बॅग घेऊन धावले आणि उंबऱ्यातच थबकले. सून सूप घेऊन निवांत तांदूळ पाखडत बसली होती.

"आबा, सून अडलीय असा निरोप होता ना?"

आबांनी जीपकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"व्हय. तुमी पोचता दुसऱ्या दिशी, म्हून आमी निरोप आदल्या दिशीच धाडतो. आता आलाच हाय तर बसा. कळा उद्या येतील."