वसतिगृहाची घटनादुरुस्ती

“नऊपैकी सात विश्वस्त बाजूने. नोटीस वेळेत. ठराव नियमाप्रमाणे. आता बोलायला उरलंच काय?” असं म्हणून समोरचे वकील खाली बसले.

खरं तर फारसं उरलं नव्हतं. मंद्रूपकडच्या एका ट्रस्टने आपल्या घटनेतलं, म्हणजे नियमावलीतलं, पहिलं कलम बदललं होतं. मेंढपाळांच्या मुलांसाठी मोफत वसतिगृह हा ट्रस्टचा एकमेव उद्देश. त्याजागी आता फी घेणारी इंग्रजी शाळा येणार होती. ठरावाच्या दिवशी मांडव होता, हारतुरे होते आणि ‘ऐतिहासिक घटनादुरुस्ती’ असा फ्लेक्सही होता.

माझा पक्षकार बिरप्पा. वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागे. त्याची रेणुका त्या वसतिगृहात राहून नववी शिकत होती. वसतिगृह बंद झालं की तीही मेंढरांमागे.

“वकीलसाहेब, पोरगी लई हुशार हाय. तेवढं बंद नगा करू द्या.”

असा बदल धर्मादाय कार्यालयाने मान्य करावा लागतो. त्यासाठी ट्रस्ट जो अर्ज देतो त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. सोलापुरातल्या त्या कार्यालयात मी सर्वोच्च न्यायालयाचं तत्त्व मांडलं: संसद राज्यघटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, ही संसद नव्हे.”

“मान्य, साहेब. पण संसदेलाही जे जमत नाही, ते या सात जणांना कसं जमावं?”

“तो निकाल इथं जसाच्या तसा लागू होत नाही.”

“निकाल नाही होत. प्रश्न होतो. दुरुस्तीनंतर मूळचं काही उरतं का?”

ते समोरच्या वकिलांकडे वळले. “सांगा. हे कलम गेल्यावर मूळ ट्रस्टचं काय उरतं?”

त्यांनी फाइल चाळली. “नाव, साहेब. नाव आम्ही बदललेलं नाही.”



महिन्याभराने चेंज रिपोर्ट नामंजूर झाला. दुरुस्तीच्या अधिकारात संस्थेचा उद्देशच संपवण्याचा अधिकार येत नाही, एवढं सांगायला आदेशाला अकरा पानं लागली. मी बिरप्पाला फोन केला. तो तेव्हा विजापूरच्या बाजूला होता.

“म्हंजी पोरगी ऱ्हाती नव्हं तितं?”

“राहते.”

“मग ठेवतो. मेंढरं कुणाच्या तरी तुरीत शिरल्याती.”

बहुमतालाही मर्यादा असते, हे मोठ्या निकालांत वाचायला छान वाटतं. ती दाखवून द्यायला मात्र कुणीतरी मेंढरं भावाच्या हवाली करून तारखांना यावं लागतं.

ट्रस्टने अपील केलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत रेणुकाची दहावी होऊन जाईल. आपल्या न्यायाच्या गतीचा असा उपयोग होताना मी पहिल्यांदाच पाहतो आहे.