आत्याबाईंचा सारस

माझ्या बायकोच्या आत्याबाईंइतका विंचवाचा, साबणाचा आणि छत्रीचा खोल विचार अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कुणी केला नसेल. तुमसरातल्या घरी बसून त्या मुलांसाठी छोटी छोटी माहितीची पुस्तकं लिहीत, आणि स्वतः करून पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा त्यांचा नेम सगळ्या घरादाराला भोवत असे. 'छत्री' लिहिली त्या पावसाळ्यात घरातल्या झाडून सगळ्या छत्र्यांच्या काड्या सुट्या होऊन ओसरीवर पडल्या होत्या आणि मी, नवा जावई, पोतं पांघरून कचेरीत जात होतो. 'जळू'साठी त्या एकोडीच्या तळ्यात पाय सोडून बसल्या. जळू चिकटली. मी मीठ घेऊन धावलो, तर माझ्यावरच ओरडल्या, "हात नोका लावू, जावईबापू! जेवून राहिली ते. तुमाले ताटावरून उठवलं तं चालन का?"

वयाच्या ऐंशीनंतर त्यांचे डोळे अधू झाले, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी सारसावर लिहायला घेतलं. आम्ही नवराबायकोंनी त्यांना धानाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, नेऊन बसवलं. समोर सारसाची जोडी नाचू लागली. आवाजावरूनच त्या खुलल्या. "नाचाले पयला पाय कोन उचलते? नर का मादी?" मी म्हणालो, नर. बायको म्हणाली, मादी. मग त्यांतला नर कुठला यावरून आमची अशी जुंपली की जोडीच उडून गेली. आत्याबाई हसता हसता धुऱ्यावरून घसरून चिखलात बसल्या आणि तिथूनही हसत राहिल्या.

पुढे कितीदा गेलो, पण जोडी काही नाचली नाही. प्रकाशकाची घाई चाललेली. "अंदाजानं लिहा की," तो म्हणाला. "चूक छापली तं पोरं चूकच शिकतीन," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी बायकोकडून लिहवून घेतलं: 'पहिला पाय कोण उचलतं ते मला दिसलं नाही. तुम्ही पाहिलंत तर कार्ड टाका.' खाली घरचा पत्ता. प्रकाशकानं कपाळाला हात लावला, पण छापलं.

कार्डं आली! कुणी नर म्हणे, कुणी मादी, कुणी शपथेवर दोघंही. कोंढ्याच्या एका मुलीनं लिहिलं, 'मी दिवसभर बसले. नाचले नाहीत. उद्या परत जाते.' ते कार्ड आत्याबाईंनी पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. "हेच पायजे होतं मले," म्हणाल्या.

दुसरी आवृत्ती निघायच्या आधीच त्या गेल्या. कार्डं मात्र येत राहिली. बायको दुपारी उत्तरं लिहायला बसे. आत्याबाई गेल्याचं मुलांना कळवणं तिला कधी जमलं नाही. ती फक्त विचारी, 'तू पाहिलंस तेव्हा वारा कुठून होता?'

आणि मग पुन्हा कार्ड येई.