हसू परत आलं तेव्हा

मे महिन्यातल्या दुपारी नागपूरहून पुण्याला येणारं आमचं विमान उतरायला लागलं आणि गदागदा हलू लागलं. तापलेली जमीन हवा वर फेकते, कुठे जोरात, कुठे कमी. विमानाला त्या न दिसणाऱ्या खाचखळग्यांतूनच खाली यावं लागतं. खिडकीबाहेर आभाळ मात्र निरभ्र होतं, आणि मला भीती त्याचीच वाटली.

हवाई सुंदरी आमच्याकडे तोंड करून, पट्टा आवळून बसली होती. तेवढ्यात माझ्या पुढचे काका उठले आणि वरचा कप्पा उघडून चाचपू लागले. "नातवाची संत्रा बर्फी चेंगरेल हो!"

"खाली बसा! आत्ताच्या आत्ता!" ती ओरडली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं होतं.

काका दचकून बसले, तोच मोठा हिसका बसला. उघड्या कप्प्यातून एक जड बॅग, ते उभे होते तिथेच आदळली.

चाकं दाणकन टेकली. "पायलट आधी एसटीवर होता वाटतं," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"आणि हिची बोलायची पद्धत बघा," काका म्हणाले. "तक्रारच करतो."

आपल्याला धोक्याचा इशारासुद्धा गोड आवाजात हवा असतो. ओरडणाऱ्याला आपण उद्धट ठरवतो आणि गप्प करतो.

दारात ती हात जोडून उभी होती. "सॉरी सर," ती काकांना म्हणाली. हसू परत आलं होतं. बाहेर धावपट्टीवर हवा थरथरत होती, आणि पुढच्या फेरीचे प्रवासी बसमधून विमानाकडे येत होते.