चिंताकीच्या माळावर, लेकीच्या जागी

दर पावसाळ्यात काम सुरू व्हायच्या आधी मी मागच्या वर्षीच्या स्वयंसेवकांना फोनवर निरोप धाडते. कोण येणार, कोण नाही, एवढंच विचारायचं असतं. त्या वर्षी हळ्ळीखेडच्या मुलीला निरोप धाडला आणि थोड्या वेळानं तिच्या नंबरवरून फोन आला. पलीकडे बाईमाणसाचा आवाज होता.

"मॅडम, मी तिची आई बोलायले. ती न्हाई आता."

मला वाटलं, लग्न होऊन गेली असेल. मी तसं विचारलंही. मग तिनं सांगितलं. दिवाळीनंतर ताप आला. आधी हुमनाबादला दाखवलं, तिथून बिदरला नेलं, बिदरहून कलबुर्गीला न्या म्हणाले. मुलगी वाटेतच गेली. हे सगळं तिनं सपाट आवाजात सांगितलं, खूप जणांना सांगून झाल्यासारखं. फोन ठेवायच्या आधी मात्र तिनं यंदा आम्ही कधी निघणार ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "मंग तिच्या जागी मी आले तर चालतंय का?"

मी हो म्हटलं.

माझं काम हंगामी. उरलेलं वर्ष उदगीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि आषाढापासून दसऱ्यापर्यंत बिदर-कलबुर्गीकडचे माळ धुंडाळते. दुर्मिळ झाडं कुठं उरलीत, किती उरलीत, ते एका संस्थेसाठी बघायचं. एकटीनं ते होत नाही, म्हणून सोबत स्वयंसेवक. प्लास्टिकच्या नळ्यांची एक चौकट जमिनीवर टाकायची, तिच्या आत काय काय उगवलंय ते गुडघे टेकून मोजायचं, चौकट उचलून पुढं टाकायची. दिवसभर हेच. बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत कंटाळतात आणि त्यांचं काही चुकत नाही.

ती मुलगी कंटाळली नव्हती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. माळावर सगळ्यात मोठा आवाज तिचा. मेंढरं घेऊन येणाऱ्या अप्पांशी कन्नडमध्ये वाद घालायची, माझ्या चालण्याची नक्कल मला दाखवायची, आणि चौकटीवर वाकल्या वाकल्या गाणी म्हणायची. चिंताकीच्या माळावर एकदा पायातला बाभळीचा काटा काढायला ती खाली बसली आणि तिथूनच मला हाका मारायला लागली. तिच्या समोर गवतात कंदीलफूल उभं होतं. वीतभर देठ, त्यावर करंगळीच्या पेराएवढं हिरवट फूल, खाली फुगीर आणि वर पाकळ्यांची टोकं जुळलेली, लहानशा कंदिलासारखं. त्या माळावर ते आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. मुलगी दिवसभर त्याच्याभोवती घोटाळत राहिली. संध्याकाळी निघतानाही मागं वळून बघत होती.

तिची आई औरादच्या स्टँडवर उतरली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं. कपाळ तसंच रुंद, चालही तशीच. नेसलेलं साधं लुगडं आणि पायात कॅनव्हासचे बूट. बूट मुलीचे होते. ते तिला मोठे होत होते, म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या होत्या. चपलेवर अख्खं शेत फिरलेली बाई, तिला बुटांची काही गरज नव्हती. रात्रीच्या मुक्कामाला माझ्याच भाड्याच्या खोलीत तिची सोय केली आणि तिला मावशी म्हणायला लागले.

आमच्यासोबत औरादचा एक मेडिकल दुकानदार असायचा. सगळे त्याला अण्णा म्हणायचो. दुकान भावावर सोपवून तो दर हंगामात यायचा, फोटो काढायचा. त्याला मुलगी चांगली आठवत होती. पहिल्याच दिवशी जीपमध्ये, मावशीला बरं वाटावं म्हणून, तो तिच्या गोष्टी सांगायला लागला. ती कशी नकला करायची, एकदा हसता हसता पाण्याची बाटलीच कशी सांडली, तिच्यामुळं आमचा दिवस कसा जायचा ते. मीही त्यात भर घातली. मावशी खिडकीकडं तोंड करून ऐकत होती. आम्हाला वाटलं, तिला आवडतंय.

माळावर त्या वर्षी काही नव्हतं. श्रावणात पाऊस महिनाभर दडी मारून बसला होता. तांबडा खडक नुसता तापायचा. गवत बोटभर वाढून करपलं होतं. खालच्या रानात मूग सुकत चाललेले वरून दिसायचे. आम्ही चौकटी टाकत होतो आणि रिकाम्याच उचलत होतो. मावशीला काम समजलं, पण तिचं मन त्यात नव्हतं. मध्येच थांबून विचारायची, ती जेवायला कुठं बसायची, तिच्यासोबत कोण असायचं. मी दाखवायची. ती त्या दगडाकडं नुसती बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी एका खुरट्या हिवराच्या सावलीत भाकरी खात होतो. अण्णा लांब होता. मावशी म्हणाली, घरात पोरगी वर्षभर बोलत नव्हती. शिक्षण पुढं न्यायचं म्हणत होती, बापानं सोयरीक बघायला घेतली होती. भांडण झालं आणि त्यानंतर तिनं तोंडच बंद केलं. ताट वाढलं की जेवायची, काम सांगितलं की करायची. तापात पडली तेव्हाही पाणी हवंय का विचारलं तर मानेनं सांगायची.

"तुमच्यात एवढी हसायची म्हणता," ती म्हणाली. "मंग आमच्यापाशी कामून न्हाई हसली?"

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तिला खरंच त्याचं उत्तर माझ्याकडून हवं होतं. मी म्हटलं, त्या वयात पोरं बाहेर वेगळी असतात, मीही होते. ते खरं होतं, पण तोंडातून निघतानाच मला पोकळ वाटलं. जीपमधल्या आमच्या गप्पा आठवल्या आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. मावशीनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

संध्याकाळी मी अण्णाला बाजूला घेऊन हे सांगितलं. त्यानंतर त्यानं मुलीचा विषय काढला नाही, आणि मावशीच्या ते लक्षात आलं. तिनं त्याला स्वतःच बोलावलं. म्हणाली, "अण्णा, तुमी सांगत जावा. आमच्या घरात तर तिचं नाव बी कुणी काढंना."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं फुलाची जागा बघायची म्हटलं. मुलीच्या फोनमधला त्या फुलाचा फोटो तिनं मला आल्या दिवशीच दाखवला होता. जागेची खूण माझ्याकडं होती. मी दोनदा जाऊन आले होते आणि तिथं काही नाही हे मला ठाऊक होतं. तसं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, चालतंय.

आम्ही गेलो. माळाच्या त्या अंगाला चिरे कापायचं काम सुरू झालं होतं. यंत्राचा आवाज आणि तांबडी धूळ. चौकोनी दगडांच्या थप्प्या जवळजवळ त्या जागेपर्यंत आलेल्या. मी उभी राहिले आणि बोटानं दाखवलं. करपलेलं गवत, खडे, मुंग्यांचं वारूळ. मावशी खाली बसली.

मी तिला समजावलं की पाऊस नीट नसला तर हे झाड वर येत नाही. कंद जमिनीत तसाच पडून राहतो. पुढच्या वर्षी येईल, किंवा त्याच्या पुढच्या. ती ऐकत होती. मग तिनं हातातली पाण्याची बाटली बाजूला ठेवली आणि शेजारचा एक टोकदार खडा उचलून माती उकरायला सुरुवात केली.

"मावशी, उकरू नका."

"खाली हाय का न्हाई, एवढंच बघते."

"असला तर मरेल. मुळं तुटली की संपलं."

तिचा हात थांबला. बराच वेळ ती खड्ड्याकडं बघत बसली. जेमतेम दोन बोटं खोल झाला होता. पलीकडं यंत्र चालूच होतं. मला वाटत होतं, तिला उकरू द्यावं. कंद सापडला असता तर तिच्या हातात काहीतरी आलं असतं. आणि यंत्र तर महिन्या-दोन महिन्यांत इथवर येणारच होतं, हेही मला दिसत होतं. तरी मी तिला उकरा म्हटलं नाही.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिनं उकरलेली माती दोन्ही हातांनी परत लोटली, थापली, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. माती ते लगेच प्यायली. तेव्हा ती रडली. आली तेव्हापासून पहिल्यांदाच. मी शेजारी बसून राहिले. चिरे वाहणारा एक ट्रॅक्टर आमच्याजवळून गेला, चालवणाऱ्यानं वाकून बघितलं आणि वेग कमी करून पुढं गेला.

त्या हंगामाच्या अहवालात मी तो माळ वाचवायला हवा असं लिहिलं, फोटो जोडले, अण्णाला घेऊन पंचायतीत आणि तालुक्याच्या ऑफिसात जाऊन आले. सगळ्यांनी चहा पाजला. पुढच्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. आम्ही गेलो तेव्हा त्या जागी सरळ कापलेला खड्डा होता, त्यात हिरवं पाणी साचलेलं आणि म्हशी बसलेल्या. उरलेल्या माळावर आम्ही आठवडाभर शोधलं. कंदीलफूल दिसलं नाही.

मावशीला हे फोनवर सांगायचं मला जिवावर आलं होतं. सांगितलं. ती "व्हय का" म्हणाली. मग यंदा कुठं जाणार ते तिनं विचारलं. मी आळंद तालुक्यातलं निंबर्गा सांगितलं. ती तिथं आली. या वेळी पायात चपला होत्या.

निंबर्ग्याला ती आठवडाभर राहिली. नव्या मुलींना चौकट कशी सरकवायची ते दाखवायची, त्यांच्यात बसून जेवायची. एका मुलीनं तिला विचारलं, तुम्हाला झाडांची आवड कशी लागली. ती म्हणाली, न्हाई, आवड तशी न्हाई. मुलगी गोंधळली आणि माझ्याकडं बघायला लागली. मावशी पुढच्या चौकटीवर वाकली होती. तिच्या चौकटीत त्या दिवशी गवताशिवाय काही निघालं नाही. तिनं तसं सांगितलं आणि चौकट उचलून पुढं टाकली.