चिंधी सोडा, नाना

आमची मावशी रागावली की ओरडायची नाही, टाच उचलायची. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकला की ती जशी कण्हायची, तशीच नानांचं नाव निघालं की कण्हायची. मला दोन्हींची नक्कल यायची. ती हसायची आणि वर चिमटाही काढायची.

नाना म्हणजे म्हसावदचे आमचे जमीनदार. त्यांच्या खळ्यात ज्वारी उपणण्यात मावशीचा जन्म गेला. खळं म्हणजे लक्ष्मीची जागा, तिथं जोडा चालत नाही. म्हणजे मजुरांचा. नानांचे नाल ठोकलेले बूट चालायचे! एकदा टाच फारच ठणकली म्हणून मावशीनं पायाला चिंधी बांधली. नानांनी सगळ्यांदेखत ती सोडायला लावली. "चिंधी सोड, पारू. लक्ष्मी शे आठे."

तेव्हापासून मावशी टाचेच्याच मागे लागली. वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान, पानावर टाच. जोड्यात गोधडीचा तुकडा, टाचेखाली भोक पाडलेला. सकाळी उतरण्याआधी पायाची बोटं स्वतःकडे ओढायची. दुखणं बरंच आटोक्यात आलं. राग नाही आला.

मग देवानं ऐकलं. नानांची टाच धरली. वैद्य झाले, लेप झाले, आणि एक दिवस नाना पायाला रेशमी फडकं गुंडाळून लंगडत आमच्या दारात.

मावशी म्हणाली, "शेक देसू ना. पण तुम्हना खळामा."

खळ्यात उपणणारे हात थांबले. मावशीनं मोठ्यानं म्हटलं, "चिंधी सोडा, नाना. लक्ष्मी शे आठे."

नानांनी सोडली. मावशीनं तीन दगड मांडून जाळ केला, तोही ओल्या काड्यांचा.

"पारू, मन्ही टाच..."

"उभा ऱ्हा, नाना. वीट तपी ऱ्हायनी."

वीट तापेपर्यंत नाना अनवाणी उभे. शेकानं बरं वाटायचं, चार दिवसांनी पुन्हा ठणका. नाना पुन्हा खळ्यात, पुन्हा अनवाणी. गोधडीचा तुकडा आणि बोटं ओढणं मावशीनं त्यांना सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाली, "टाच बरी व्हई गयी ते तो आठे कसाले येई?"

मावशी गेली तेव्हा नाना भेटायला आले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पुढला उपाय तुले सांगी गयी व्हई ना ती?"

सांगून गेली होती. मी टाच उचलली, तिच्यासारखा कण्हलो आणि तिच्याच आवाजात म्हणालो, "उभा ऱ्हा, नाना. वीट तपी ऱ्हायनी."